बुडालेली हजेरी : गिरणाऱ्याच्या मजूर बाजारातलं एक क्षेत्रकार्य

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्याकडे संशोधन प्रकल्प असतो. तिसऱ्या सत्रात ४ श्रेयांक, चौथ्यात ६. एका श्रेयांकाला प्रात्यक्षिकाचे ३० तास, म्हणजे पहिल्याच टप्प्यात मुलांनी १२० तास वर्गाबाहेर काढायचे. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात नाशिकच्या मुलांचे विषय वर्षानुवर्षं ठरलेले आहेत. निम्म्यांना सिंहस्थ हवा असतो, उरलेल्यांना काळाराम मंदिराचा सत्याग्रह. विषय दोन्ही मोठे, त्याबद्दल वाद नाही. पण मुलं ते का घेतात तेही मला ठाऊक आहे. २०१५ च्या सिंहस्थाची कात्रणं ढिगाने मिळतात, २०२७ च्या तयारीची बातमी कुठे ना कुठे येतच असते, आणि २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या सत्याग्रहावर वाचनालयात तयार मजकूर आहे. दोन्हींत कुणाशी बोलावं लागत नाही. समाजशास्त्राची पदवी एकाही अनोळखी माणसाशी न बोलता मिळू शकते, हे आमच्या विषयाचं जुनं दुखणं.

त्या वर्षी पाच जणांच्या एका गटाने मजूर बाजार घेतला तेव्हा म्हणूनच मी खूश झाले होते. मुलांची नावं देत नाही. विभागात तसंही आम्ही गावावरूनच हाक मारतो, तेच इथे चालवते : सिडकोची, येवल्याची, ओझरचा, पंचवटीचा आणि हरसूलचा. मार्गदर्शक मी. पुढे जे चुकलं त्यातला मोठा वाटा माझाच आहे, म्हणून हे प्रकरण मुलांकडून न लिहवता स्वतः लिहिते आहे.

चौक

गिरणारे नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या अंगाला. तिथून रस्ता पुढे वाघेरा घाटाने हरसूलकडे जातो. घाटापलीकडे कोकणा, वारली, महादेव कोळी, कातकरी यांचे पाडे. शेती भाताची, नागलीची, वरईची. पाऊस दणकून पडतो आणि उतारावरून सगळा वाहूनही जातो. भात झोडून झाला की शेतात काम उरत नाही. घाटाअलीकडे सगळं बागायत : आधी टोमॅटो, मग द्राक्ष. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की बागेला माणसं लागतात ती थेट काढणीपर्यंत. काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावायला, फेल म्हणजे जादा फुटी काढायला, डिपिंगला, विरळणीला. पलीकडचं काम संपतं तेव्हा अलीकडचं भरात येतं, आणि दोन्हीकडची माणसं सकाळी साडेसहापासून गिरणाऱ्याच्या चौकात भेटतात. बागाईतदार पिकअप नाहीतर ट्रॅक्टर घेऊन येतो, भाव ठरतो, गाडी भरते, जाते. नऊला चौक रिकामा.

काम दोन तऱ्हेचं. रोजाने गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो. उक्तं काम असलं तर एकराचा भाव ठरतो आणि टोळी बागेवरच मुक्कामाला राहते, काही आठवडे, कधी पूर्ण हंगाम. मुक्कामी टोळी ओळखायला सोपी. युरियाच्या रिकाम्या गोणीत पातेली, तवा, नागलीचं पीठ, वर गोधडीचा गाठोडा, आणि गोणीवर बसलेलं एखादं पोर.

आमच्याकडे नियम आहे की पहिल्या दिवशी गटातल्या एकाने काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं. ते काम येवल्याचीकडे होतं. तिच्या वहीतल्या पहिल्या सकाळच्या ओळी जशाच्या तशा देते :

"बाया उन्हाच्या बाजूला, भिंतीला टेकून. गडी टपरीजवळ. मुकादम एका जागी थांबत नाही. गाडी आली की आधी फाळक्यावर हात पडतात, भाव नंतर. भाव दोनदा बोलला जातो, पहिल्यांदा हळू, दुसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असा. चौघी एकत्र असल्या की लगेच जातात. एकटी बाई मागे राहते. तान्हं मूल असलेल्या बाईला दोन गाड्यांनी सोडलं, तिसरीने नेलं, पण दहा रुपये कमी."

पूर्ण प्रकल्पात एवढा दाट मजकूर दुसरा नाही, आणि तो एकही प्रश्न न विचारता आलेला आहे. त्या सकाळी बाईमाणसाला ३५० आणि गड्याला ४५० बोलत होते. समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. चौकात तो कुणी काढत नाही. आमच्या फॉर्ममध्येही तो नव्हता.

फॉर्म

क्रमिक पुस्तकात दोन गोष्टी वेगळ्या शिकवतात. उत्तर देणारा स्वतः भरतो ती प्रश्नावली. संशोधक विचारून भरतो ती मुलाखत अनुसूची. परीक्षेत यावर पाच गुणांचा प्रश्न हमखास असतो. चौकात मात्र दोन्हीला फॉर्मच म्हणतात, आणि फॉर्म म्हटलं की माणसाला आमचा विभाग आठवत नाही, तलाठी आठवतो.

आमच्या फॉर्ममध्ये ३४ प्रश्न होते, चार पानं. शेवटी संमतीपत्र, त्यावर सही किंवा अंगठा. पूर्वचाचणी करायची असते, ती मुलांनी केली. कुठे, तर कॅन्टीनमध्ये, बी.ए.च्या पोरांवर. पोरांनी पटापट उत्तरं दिली, वेळ लागला बारा मिनिटं, आणि मी "चालेल" असं लिहून सही केली. कॅन्टीनमध्ये बसलेल्या मुलाची बारा मिनिटं आणि गाडीची वाट बघणाऱ्या माणसाची बारा मिनिटं यांत काही फरक असेल, हे वीस वर्षं संशोधनपद्धती शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

डिसेंबरचा पहिला आठवडा. पहिल्या सकाळी ४६ फॉर्म झाले. चौघांनी मिळून ४६, म्हणजे वेगाने झाले. मुलं हरखली होती. मीही.

दुसरी सकाळ

थंडी कडक होती. चौकात दोन ठिकाणी शेकोट्या. सिडकोची ज्या बाईशी बोलत होती ती पन्नाशीतली, घाटापलीकडून तिघींबरोबर आलेली. एक तिची सून, बाकी दोघी शेजारच्या. सिडकोची मुलगी बोलायला गोड. मावशी, मावशी करत तिने बाईला शेकोटीपासून थोडं बाजूला, भिंतीकडे नेलं होतं, आवाज नीट ऐकू यावा म्हणून. पाठ्यपुस्तकात हेच लिहिलेलं आहे : मुलाखतीला शांत जागा निवडावी.

तेविसावा प्रश्न असा होता : "मागील एका वर्षात आपण कोणकोणत्या स्रोतांकडून व किती वेळा कर्ज घेतले?" खाली चौकटी : उचल, सावकार, बचत गट, बँक, इतर. मावशी मनापासून आठवत होत्या. बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. आषाढात भाच्याकडून, मग मुकादमाची उचल, मग पोळ्याला दुकानदाराकडे उधारी. दुकानदाराची उधारी कर्जात धरायची का, असं त्यांनी उलट विचारलं. प्रश्न अगदी रास्त. सिडकोची फॉर्मवर बघून विचार करायला लागली.

तेवढ्यात पिकअप आली. डिपिंगला सहा बाया हव्या होत्या. डिपिंग म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात द्राक्षाचा घड बुडवणं. मगात द्रावण घ्यायचं आणि मांडवाखालून एकेक घड बुडवत जायचं. मणी ठरावीक आकाराचे झाले की दोन-तीन दिवसांत उरकावं लागतं, त्यामुळे बागाईतदार अशा दिवशी घासाघीस करत बसत नाही. सून आणि दोघी शेजारणी फाळक्यावर चढल्या, आणखी तिघी चढल्या, मुकादमाने फाळका लावला. सुनेने हाक मारली, ती आम्हाला कुणालाच नीट ऐकू आली नाही. मावशी वळल्या तोवर गाडी वळणावर होती.

त्या धावल्या नाहीत. फक्त बघत राहिल्या. मग सिडकोचीकडे वळून म्हणाल्या, "लिही, दुकानदाराचं पण लिही."

मी तेव्हा टपरीवर चहा घेत आदल्या दिवशीचे फॉर्म तपासत होते. सिडकोची आली ती रडवेली. साडेआठ वाजले, पावणेनऊ झाले, दुसरी गाडी आली नाही. मावशी भिंतीशी बसून होत्या. घरून चौकापर्यंत जीपला ६० रुपये मोडले होते, परत जायला आणखी ६०. म्हणजे आमच्या एका फॉर्मपायी ३५० बुडाले ते बुडालेच, वर पदरचे १२०.

मुलांनी वर्गणी काढली. ३५० जमले. पंचवटीचा द्यायला गेला. मावशींनी हात पुढे केला नाही. त्या काय म्हणाल्या ते त्याने वहीत उतरवलंय : "बसून पैसे घेतले म्हणतील ना रे. उद्या मला कोण टोळीत घेईल?"

आम्ही वर्गात संशोधनातल्या मोबदल्यावर दोन तास घालवतो. पैसे दिले तर उत्तरं बिघडतात का, उत्तरदात्याच्या वेळेची किंमत कशी लावायची, वगैरे. त्या दोन तासांत हा मुद्दा कधीच आला नव्हता. पैसे देणारा आणि घेणारा यांच्यापलीकडे एक तिसरं कुणी असतं, आणि ते बघत असतं. टपरीवर तेव्हा दहा-बारा माणसं होती, मुकादमाचा भाऊ त्यातच होता.

थोड्या वेळाने मावशींनीच तोड काढली. "बाई, तुमची गाडी आहे ना? मला बागेवर सोडा." बाग मुंगसऱ्याच्या शिवारात होती. त्यांनी बागाईतदाराचं घर ओळखीचं सांगितलं. मी, मावशी, सिडकोची आणि हरसूलचा असे गाडीतून निघालो. वाटेत हरसूलचा पुढच्या सीटवर एकदम गप्प बसला होता, मला ते तेव्हा थंडीमुळे वाटलं.

बागेवर पोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. बागाईतदार आधी वैतागला. त्याच्या सहा बाया पूर्ण होत्या, सातवी कशाला? आम्ही कोण, फॉर्म कसले, तेही त्याला कळेना. मग सुनेने मांडवाखालून काहीतरी सांगितलं, तो हसला आणि म्हणाला, जेवणाच्या सुट्टीनंतर लागू द्या, अर्धी हजेरी. अवेळी पावसाने गेल्या वर्षी बाग गेली होती, औषधांची उधारी डोक्यावर होती, हे त्याने न विचारता सांगितलं. त्याला वाईट माणूस ठरवून अहवाल लिहिता आला असता. ओझरचा तसा लिहूनही बसला होता, मी तो परिच्छेद काढायला लावला.

तिथे आम्ही पहिल्यांदा डिपिंग जवळून पाहिलं. हात वर, मान वर, द्रावण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतंय, बाहीला फडकं बांधलेलं. सिडकोचीने तासभर मग हातात घेतला. तिच्या वहीत त्या तासाबद्दल एकच ओळ आहे : "खांदे."

निघताना मी पुन्हा पैशाचं काढलं. अर्ध्या हजेरीचे १७५ तरी घ्या. मावशींनी मान हलवली. मग थांबून म्हणाल्या, "भाड्याचे द्या." १२० रुपये त्यांनी घेतले, सुनेच्या देखत, मोजून.

सोमवार

त्या सकाळी ३८ फॉर्म झाले होते. एकूण ८४. सोमवारी विभागात ते टेबलावर मांडून बसलो. चौकातल्या प्रसंगाने सगळ्यांचे चेहरे उतरलेले, म्हणून मी मुद्दाम आकडेवारीने सुरुवात केली.

नववा प्रश्न : "आपण कामासाठी हंगामी स्थलांतर करता का?" ८४ पैकी ७१ फॉर्मवर उत्तर "नाही".

येवल्याचीने तिची वही उघडली. पहिल्या सकाळी तिने गोण्या मोजल्या होत्या. पातेल्या-गोधड्यांच्या एकवीस गोण्या. त्या गोण्यांवर बसलेल्या माणसांनी आम्हाला सांगितलं होतं की आम्ही स्थलांतर करत नाही, आणि आमच्या मुलांनी गोणीकडे बघत बघत "नाही"वर खूण केली होती. हरसूलच्याच्या एकोणीस फॉर्मवर एकोणीस वेळा "नाही".

मी त्यालाच विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, तो शब्द आमच्याकडे नाही. जगायला जातो म्हणतात. जगायला कुठं जाता असं विचारलं असतं तर सगळ्यांनी सांगितलं असतं."

"मग फॉर्म करताना बोलला का नाहीस?"

"पुस्तकात स्थलांतर आहे ना."

नंतर, बाकीचे गेल्यावर, त्याने आणखी एक सांगितलं. तिसरी-चौथीत तो अर्धं वर्ष शाळेत आणि अर्धं वर्ष बागेवर असे. गाडीत बसलेल्या मावशी त्याच्या पाड्यापासून दोन डोंगरांपलीकडच्या, त्याच्या आईच्या ओळखीच्या. त्याने त्यांना ओळखलं होतं, त्यांनीही त्याला. पण आदल्या सकाळी त्या त्याच्याशी "सर" म्हणून बोलल्या होत्या, आणि त्याने त्यांना थांबवलं नव्हतं. दीड वर्ष तो आमच्याकडे शिकत होता. हॉस्टेलला राहतो, अक्षर चांगलं आहे, यापलीकडे मला त्याची काही माहिती नव्हती. मुलांना उत्तरदात्यांची सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी विचारायला पाठवणारी मी.

आतला माणूस आणि बाहेरचा माणूस यावर संशोधनपद्धतीत पानंच्या पानं आहेत. आतल्याला भाषा येते, प्रवेश सोपा असतो, वगैरे. आतल्याला वर्गात बसून आपण आतले आहोत हे सांगायला काय पडतं, ते त्या पानांत सापडत नाही.

पाडा

जानेवारीत हरसूलचा, येवल्याची आणि सिडकोची असे तिघे त्याच्या पाड्यावर चार दिवस राहून आले. फॉर्म नाही. वही संध्याकाळीच उघडायची, समोर बसून लिहायचं नाही, पण झोपण्याआधी लिहायचंच. ही शिस्त मी कटाक्षाने लावते. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या ज्या खेड्यात राहिले, तिथली त्यांची टिपणं १९७० मध्ये स्टॅनफर्डला आगीत जळाली आणि गावाबद्दल त्यांना आठवणीतून लिहावं लागलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते, त्यातून त्यांनी काढलेला अर्थ मात्र असा की टिपणं नसली तरी चालतं. श्रीनिवासांनी आधी टिपणं लिहिली होती, ती वर्षानुवर्षं घोळवली होती, म्हणून ती आठवली, हे दरवर्षी नव्याने सांगावं लागतं.

पाड्यावर त्या "नाही"चं आणखी एक कारण कळलं, शब्दापेक्षा खोलवरचं. एका म्हाताऱ्या बाबांकडे प्लॉट आहे. प्लॉट म्हणजे वनजमीन, जिच्यावर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा केलेला आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवावं लागतं. पंचनामे, नकाशे, मोजणी, पुन्हा पंचनामे. बाबा ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात होते, मुंबईपर्यंत चालत गेलेले. त्यांनी सिडकोचीला शांतपणे समजावलं : कागद घेऊन आलेला माणूस "बाहेरगावी राहता का" असं विचारतो तेव्हा हो म्हणायचं नसतं. हो म्हटलं की प्लॉट कोण कसतं असा पुढचा प्रश्न येतो. रेशनचंही तेच, घरकुलाचंही तेच.

कायद्याने चार महिने मजुरीला गेल्याने दावा जात नाही. पण साहेब आला त्या दिवशी घराला कुलूप होतं म्हणून काय काय झालं, याच्या गोष्टी पाड्यावर प्रत्येकाकडे आहेत. आमच्या फॉर्मच्या शेवटी अंगठा मागितला होता. त्यामुळे चौकात तो "नाही" अगदी शहाणपणाचा होता. आम्ही त्याला चुकीची माहिती म्हणणार होतो.

पुढचं काम हंगामावर लावलं. "महिन्यातून किती दिवस काम मिळतं" असं चौकात विचारलं की उत्तर यायचं, रोज. मुकादम कानाशी उभा असताना मला काम मिळत नाही असं कुठला मजूर म्हणेल? पाड्यावर मुलांनी महिने सोडून दिले. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत कुणाकुणाच्या बागेवर गेलात, तिथून कधी परतलात, भातकापणीला किती दिवस घरी होतात, होळीला कुठे होतात. बायका एकमेकींना आठवण करून देत, चुका काढत सांगायच्या. एका बाईने चौकात २६ दिवस सांगितले होते, तोच महिना अंगणात बसून मोजला तेव्हा १४ भरले, त्यातले तीन अर्ध्या हजेरीचे. "कुटुंबात किती माणसं" हा प्रश्नही गेला, त्याजागी आली चूल. बागेवर गेलेली टोळी तिथे एक चूल मांडते, तीत सून एका घरची, दीर दुसऱ्या घरचा. घरी उरलेल्या म्हाताऱ्यांची चूल वेगळी. फॉर्ममध्ये या सगळ्याचं एक कुटुंब झालं होतं आणि त्यात सहा माणसं होती.

संमतीचंही बदललं. अंगठा काढून टाकला. आपण कोण, कशासाठी विचारतोय, नको असेल तर सांगू नका, हे तोंडी सांगायचं आणि दुसऱ्या एका माणसादेखत हो म्हटलं अशी वहीत नोंद करायची. सामाजिक संशोधनात तोंडी संमती चालते. आमच्या छापील नमुन्यात सहीची जागा होती म्हणून आम्ही सही घेत होतो, एवढंच.

सिडकोची मावशींकडेही जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने अहवालात घातलेलं नाही, मीही विचारलं नाही.

अहवाल

अहवाल ७० पानांचा झाला. ८४ फॉर्मपैकी आकडेवारीसाठी एकही वापरला नाही, ते का वापरले नाहीत यावर मात्र एक पूर्ण प्रकरण आहे. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, नमुना किती, म्हणजे किती जणांकडून माहिती घेतली? ओझरच्याने सांगितलं, अकरा चुली. परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. नमुना निवडीच्या रकान्यात गुण कमी पडले, ते पडणारच होते. सिंहस्थावरच्या एका गटाला, दोनशे प्रश्नावल्या गूगल फॉर्मवर भरून घेतल्या म्हणून, आमच्यापेक्षा जास्त मिळाले. हरसूलच्याला याचं वाईट वाटलं नाही, बाकीच्यांना वाटलं. मला वाटलं.

आता आमचा नियम असा आहे की चौकात पावणेनऊच्या आधी कुणालाही काही विचारायचं नाही. शेवटची गाडी गेली की मगच. नियम चांगला वाटतो, पण यंदाच्या गटाने पहिल्याच आठवड्यात त्यातली गोम दाखवली. पावणेनऊला चौकात उरतात ती काम न मिळालेली माणसं : म्हातारे, एकट्या आलेल्या बाया, तान्ही पोरं असलेल्या. ज्यांना काम मिळतं ती आमच्या हाती लागतच नाहीत. मग यंदाच्या दोघांनी संध्याकाळी घाटाकडे परतणाऱ्या जीपमध्ये बसून पाहिलं. जीपमध्ये कुणी बोलत नाही, सगळे झोपलेले असतात.